छातींतील एक फसवी गांठ

१९३६ सालीं अमेरिकेच्या टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिल शहरीं, व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयांत, एका तरुण स्त्रीची छाती उघडण्यांत आली. तिचें दुखणें मात्र छातीचें नव्हतें, स्नायूंचें होतें; वारंवार उलटणाऱ्या अशक्तपणानें ती गांजलेली होती. क्ष-किरणांच्या छायाचित्रांत उरोस्थीच्या मागें एक गांठ दिसत होती. शल्यविशारद ॲल्फ्रेड ब्लॅलॉक यांनीं ती गांठ काढून टाकली. पुढें १९४४ सालच्या ‘निळ्या बाळा’वरील शस्त्रक्रियेनें ज्यांचें नांव जगभर झालें, तेच हे ब्लॅलॉक. त्या स्त्रीची शक्ति हळूहळू परत आली, आणि १९३९ सालीं ही हकीकत प्रसिद्ध झाली. गांठ छातींतील, दुखणें पापण्यांचें आणि हातापायांचें, आणि गांठ काढल्यावर दुखण्याला उतार! या दोहोंचा संबंध काय, हें त्या वेळीं कोणालाही सांगतां आलें नसतें.

त्या दुखण्याला वैद्यकांत मायस्थेनिया ग्रेव्हिस असें नांव आहे. त्याची रीत चमत्कारिक आहे. सकाळीं उठतांना माणूस जवळजवळ निरोगी असतो. दुपार टळूं लागली कीं पापणी जड होऊन डोळ्यावर उतरते. एका दिव्याचे दोन दिवे दिसूं लागतात. बोलतां बोलतां आवाज नाकांतून येऊं लागतो, तोंडांतला घांस गिळवत नाहीं, वेणी घालण्यासाठीं उचललेला हात अर्ध्यांतून खालीं येतो. घटकाभर पडून राहिलें कीं शक्ति परत येते आणि थोडे श्रम झाले कीं पुन्हा जाते. इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांनीं १६७२ सालींच अशा एका स्त्रीचें वर्णन लिहून ठेविलें आहे. ती फार वेळ बोलली कीं तिची वाचाच बंद पडे आणि तास दोन तास परत येत नसे. श्वासोच्छ्वासाचे स्नायू असेच थकले तर प्राणावर बेततें. बाहेरून पाहणाराला कांहींच दिसत नसल्यामुळें अशा रोग्यांना घरचींच माणसें पुष्कळदां आळशी ठरवितात, आणि डॉक्टरही मनाचा दुबळेपणा म्हणून सोडून देतात. रोग्याच्या दुःखांत हें दुःख सर्वांत मोठें असतें.

ज्या ग्रंथींतून ती गांठ निघते, तिचें नांव थायमस. मराठी वैद्यकपरिभाषेंत तिला ‘यौवनलोपी ग्रंथि’ असें म्हणतात, आणि हें नांव मूळ ग्रीक नांवापेक्षां अधिक बोलकें आहे. उरोस्थीच्या मागें, हृदयाच्या माथ्यावर, दोन पाळ्यांची ही मऊ ग्रंथि बसलेली असते. जन्मतः तिचें वजन सुमारें १५ ग्रॅम असतें. वयांत येण्याच्या सुमारास तें ३० ते ४० ग्रॅम होतें. आणि मग, जणू आपलें काम संपलें अशा समजुतीनें, ती आटूं लागते व तिची जागा चरबी घेते. साठीच्या माणसाच्या छातींत तिचे तुरळक अवशेषच हुडकावे लागतात.

या आटण्यामुळें एके काळीं मोठा घोटाळा झाला होता. शरीरशास्त्रज्ञांना विच्छेदनासाठीं मिळणारीं बालकांचीं प्रेतें बहुधा दीर्घ आजारानें खंगून मेलेल्या मुलांचीं असत. आजाराच्या ताणानें थायमस झपाट्यानें सुकते, हें ठाऊक नसल्यानें ती सुकलेली ग्रंथिच निरोगी मानली गेली. मग एखादें धडधाकट बालक अकस्मात् दगावलें आणि त्याची थायमस भरदार आढळली, कीं ‘ग्रंथि वाढल्यामुळें श्वास कोंडला’ असा निर्णय होई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पाश्चात्य देशांत हजारों निरोगी बालकांच्या छातीवर या कल्पित रोगासाठीं क्ष-किरण सोडण्यांत आले. त्यांतील कांहींना पुढें गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाला, हें १९५० सालीं प्रथम लक्षांत आणून देण्यांत आलें. जिच्या निरोगी रूपाविषयींच असा गोंधळ, तिच्या विकृत रूपाविषयीं विद्वान् चुकले तर नवल नाहीं.

पहिली चूक एका अतिशय थोर माणसाकडून झाली. १९०१ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथें कार्ल व्हायगर्ट या विकृतिशास्त्रज्ञांकडे मायस्थेनियानें मेलेल्या एका रोग्याचें शवविच्छेदन आलें. व्हायगर्ट हे सूक्ष्मदर्शकाखालीं पेशींना रंग देण्याच्या विद्येचे एक आचार्य होते. त्यांना छातींत थायमसची गांठ आढळली आणि स्नायूंच्या तंतूंमधून लहान, गोल, गडद पेशींचे पुंजके आढळले. गांठींतही तशाच गोल पेशी होत्या. दोन ठिकाणीं एकच पेशी! तेव्हां ही गांठ मारक असून तिचेंच बीज स्नायूंत पेरलें गेलें आहे, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. तर्कांत खोट नव्हती. परंतु असे पुंजके अनेक रोग्यांच्या स्नायूंत आढळूं लागले. १९०५ सालीं लंडनच्या बझर्ड यांनीं त्यांना ‘लिम्फोऱ्हेज’ असें नांवही दिलें. आणि छातींत गांठ मुळींच नाहीं अशा रोग्यांतही ते दिसले. मग तें बीज आलें कोठून? व्हायगर्ट यांनीं पाहिलें तें खरें होतें. ज्या पेशींवर त्यांनीं बोट ठेविलें त्या मात्र अपराधी नव्हत्या.

हें समजण्यासाठीं गांठीची काचपट्टी पाहिली पाहिजे, आणि ध्वनिक्षेपकावरून ती दाखवितां येत नाहीं. श्रोत्यांनीं ती डोळ्यांपुढें आणावी. काढलेली गांठ प्रथम हातांत घेतली असतां संत्र्याएवढी किंवा त्याहून लहानमोठी, टणक, बाहेरून गुळगुळीत वेष्टनांत गुंडाळलेली असते. सुरीनें मधोमध चिरली कीं आंतला भाग पिवळट-करडा दिसतो, आणि पांढऱ्या, चिवट तंतूंचे पडदे त्याचे लहानमोठे कोनदार कप्पे पाडतात. पाऊस न पडल्यानें भेगाळलेल्या तळ्याचा तळ जसा दिसतो, तशी ती रचना असते. कोठें एखादी पोकळी पाण्यानें भरलेली असते, कोठें जुन्या रक्तस्रावाचा तपकिरी डाग असतो.

हा तुकडा फॉर्मॅलिनमध्यें मुरवून, पॅराफिन मेणांत बसवून, केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ असे त्याचे काप काढतात आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंगांनीं रंगवितात. मग सूक्ष्मदर्शकांतून जो देखावा दिसतो त्यांत पहिल्यानें डोळ्यांत भरते ती गर्दी. लहान, गोल, निळ्याभोर पेशी खसखशीच्या दाण्यांसारख्या दाटीवाटीनें पसरलेल्या असतात. या लसीकापेशी. त्यांच्यामध्यें, नीट निरखल्यावर, कोठें कोठें मोठ्या, फिकट, अस्पष्ट कडांच्या पेशी दिसतात; त्या एकमेकींना लांब हात लावून उभ्या असल्यासारख्या जाळें विणून राहिलेल्या असतात. या थायमसच्या अस्तरपेशी. संख्येनें थोड्या, रंगानें फिक्या, आणि नवशिक्याच्या नजरेंतून सहज निसटणाऱ्या.

थायमोमा नांवाच्या या गांठींत अर्बुद झालेलें असतें तें या फिकट पेशींचें. निळी गर्दी निरपराध असते. निरोगी थायमसमध्यें अस्तरपेशी लसीकापेशींना बोलावून घेतात, वाढवितात, शिकवितात. त्या बिघडल्या तरी ही संवय पुष्कळदां सुटत नाहीं. गांठ वाढते, तशी तिच्या आश्रयाला कोवळ्या लसीकापेशींची जत्रा भरते. अर्बुदांत जी पेशी सर्वांत अधिक तीच रोगाची पेशी, हा विकृतिशास्त्रांतला रोजचा आडाखा या एका ठिकाणीं उलटा पडतो.

ही केवळ पंडितांची चर्चा नव्हे. छातीच्या त्याच जागीं, हृदयाच्या पुढें, लसीकापेशींचा खरा कर्करोगही होतो. कोवळ्या लसीकापेशींचा एक उग्र कर्करोग विशेषतः किशोरवयांत व तरुणपणीं तेथेंच उद्भवतो. आणि त्याच्या पेशी व थायमोमांतील निरपराध पेशी यांचें रूप इतकें सारखें असतें कीं टीडीटी नांवाचें कोवळेपणाचें चिन्हही दोघींवर सांपडतें. सुईनें काढलेला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. त्यांत फिकट पेशी थोड्याच आलेल्या. ‘लसीकापेशींचा कर्करोग’ असा निर्णय झाला तर रोग्याला कित्येक महिने विषारी औषधांचे मार्ग चालावे लागतात. ‘थायमोमा’ असा निर्णय झाला तर पहिला उपाय शस्त्रक्रियेचा. एका शब्दावर माणसाची वाट पालटते. म्हणून चांगली प्रयोगशाळा अशा वेळीं केरॅटिनचा डाग करते. केरॅटिन हें अस्तरपेशींचें द्रव्य. तें रंगविलें कीं निळ्या गर्दीच्या मागें लपलेलें तपकिरी जाळें एकदम उजळतें, आणि संशय फिटतो. रोग्याचें वय विचारावें लागतें, पापण्या उतरतात काय तें विचारावें लागतें. केवळ काचेवर डोळा ठेवून निर्णय देणारा विकृतिशास्त्रज्ञ येथें हमखास फसतो.

फसण्याची आणखी एक तऱ्हा आहे. छातींत गांठ दिसली, घाईनें स्टिरॉइड औषध दिलें, आणि आठवड्याभरांत गांठ लहान झाली, असें कधीं कधीं घडतें. डॉक्टर आनंदतात, रोगी आनंदतो. प्रत्यक्षांत औषधानें मारलेल्या असतात त्या निरपराध लसीकापेशी. फिकट पेशींतील बहुतेक जागच्या जागीं असतात.

आतां दुसरा प्रश्न: ही गांठ सौम्य कीं मारक? इतर अर्बुदांत विकृतिशास्त्रज्ञ पेशींचा चेहरा पाहतो. केंद्र वेडेंवांकडें, आकार विषम, विभाजन बेसुमार, असें असलें कीं कर्करोग. थायमोमांत पेशींचे चेहरे बहुधा सालस असतात. आणि तरीही त्या शेजारच्या फुप्फुसांत शिरतात, मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढतात, फुप्फुसावरणावर मोत्यांसारखे दाणे पेरतात. म्हणून पूर्वीं जी ‘सौम्य थायमोमा’ व ‘मारक थायमोमा’ अशी सरळ विभागणी असे, ती आतां मागें पडली आहे. अगदीं क्वचित् अपवाद सोडले तर प्रत्येक थायमोमा बाहेर पसरण्यास समर्थ समजावा, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाचें मत आहे.

हें वर्गीकरण १९९९ सालीं रूढ झालें. त्यांत गांठींना शब्दांऐवजीं अक्षरें दिलीं आहेत, कारण कोणत्या शब्दावर विद्वानांचें एकमत होईना. अस्तरपेशी लांबट, चातीसारख्या आणि लसीकापेशी विरळ असतील तर ‘ए’. दोन तऱ्हांचें मिश्रण असेल तर ‘एबी’. ‘बी-१’ हा हुबेहूब निरोगी थायमससारखा दिसतो, ‘बी-२’मध्यें गर्दींतून फिकट पेशी जागोजागीं डोकें वर काढतात, आणि ‘बी-३’मध्यें गर्दी ओसरून फिकट पेशींच्याच चादरी पसरतात. थायमसचा उघड कर्करोग याहून निराळा धरतात. तो अधिक दुर्मिळ आणि अधिक क्रूर, पण मायस्थेनियाशीं त्याचें नातें क्वचितच असतें. म्हणजे जी गांठ आपल्या मूळ कुळाचा आचार थोडाफार पाळते तीच स्नायूंना भोंवते. ही अक्षरें उपयोगी आहेत. पण एकच काचपट्टी दोन तज्ज्ञांपुढें ठेवली असतां एक ‘बी-१’ म्हणतो, दुसरा ‘बी-२’, असें पुष्कळ वेळां होतें. रोग्याचें भवितव्य सांगण्यास त्यांच्याहून भरंवशाची एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे गांठीची वेस.

१९८१ सालीं जपानमधील ओसाका येथील मासाओका व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या रोगाच्या पायऱ्या बांधल्या. पुढें १९९४ सालीं त्यांत थोडी दुरुस्ती झाली. गांठ आपल्या वेष्टनांत संपूर्ण राहिली तर पहिली पायरी. वेष्टन ओलांडून भोंवतालच्या चरबींत शिरली तर दुसरी. हृदयावरण, फुप्फुस किंवा मोठ्या रक्तवाहिन्या यांना जाऊन भिडली तर तिसरी. फुप्फुसावरणावर किंवा हृदयावरणावर तिचे सुटे दाणे पसरले, अथवा रक्तावाटे, लसीकेवाटे ती दूर गेली, तर चौथी. पहिल्या दोन पायऱ्यांवर गांठ पूर्णपणें निघाली तर दहा वर्षांनंतरही दहांतील नऊ किंवा अधिक रोगी या गांठीमुळें दगावत नाहींत. हा हिशेब पेशीच्या चेहऱ्यावरून मांडलेला नाहीं; कुंपणाच्या कोणत्या बाजूला ती सांपडली, यावरून मांडलेला आहे.

कुंपण तपासण्याचें हें काम फार कष्टाचें आहे, आणि त्यांत शस्त्रवैद्य व विकृतिशास्त्रज्ञ यांचा मेळ नसेल तर सर्व फुकट जातें. शस्त्रक्रियेच्या मेजावर गांठीचा कोणता भाग हृदयाकडे होता, कोणता डाव्या फुप्फुसाला चिकटला होता, हें शस्त्रवैद्याला दिसत असतें. तीच गांठ बरणींत पडून प्रयोगशाळेंत पोहोंचली कीं ती केवळ एक मांसाचा गोळा होते. तिला ना पुढा ना पाठ. चरबी गळून लोंबूं लागते, नाजूक आवरण फाटतें, आणि कुंपण जेथें फाटलें तेथें तें गांठीनें फोडलें कीं चिमट्यानें, हें मग सांगणार कोण? म्हणून गांठ काढतांच तिला दोऱ्यांनीं खुणा करून, पाटीवर जशीच्या तशी टांचून पाठवावी, असा आग्रह आतां या विषयाचे जाणते धरतात. प्रयोगशाळेंत तिच्या पृष्ठभागाला शाई लावतात, आणि वेष्टनाच्या सर्व बाजूंनीं अनेक तुकडे घेतात. एखाद्या तुकड्यांत फिकट पेशींची चिंचोळी जीभ वेष्टनापार गेलेली दिसते. ती शाईला टेकली असेल तर गांठ कांहीं अंशीं मागें राहिली असा त्याचा अर्थ. पुढें रोग्याला किरणोपचार द्यावयाचे कीं नाहींत, हें ठरवितांना त्या जिभेचा विचार करावा लागतो.

अशी गांठ फार थोड्यांना होते. अमेरिकेंतील कर्करोगनोंदींवरून दहा लाख वस्तींत वर्षाला सुमारें दीड, असें तिचें प्रमाण निघतें. कित्येकदां ती कसलाही त्रास न देतां, दुसऱ्याच कारणासाठीं काढलेल्या क्ष-किरण छायाचित्रांत अवचित दिसते. महाराष्ट्रांत छातीचें छायाचित्र पुष्कळदां क्षयाच्या शंकेनें काढलें जातें, आणि क्षयानें सुजलेल्या लसीकाग्रंथींची सांवलीही छातीच्या मध्यभागींच पडते. तेव्हां मधली प्रत्येक सांवली क्षयाचीच, असें गृहीत धरण्याचा मोह डॉक्टरांनीं आवरलेला बरा. थायमोमाच्या रोग्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश, किंवा थोड्या अधिकच, लोकांना मायस्थेनिया असतो. उलट मायस्थेनियाच्या शंभर रोग्यांत १० ते १५ जणांच्या छातींत ही गांठ सांपडते. म्हणूनच पापणी उतरण्याच्या तक्रारीवरून मायस्थेनियाचें निदान झालें, कीं छातीचें सी.टी. छायाचित्र काढण्याची रीत आहे.

स्नायूंचा आणि गांठीचा दुवा सांपडण्यास मात्र फार वर्षें लागलीं. १९३४ सालीं लंडनमध्यें ग्रिनिच येथें डॉक्टर मेरी वॉकर यांना असें सुचलें कीं मायस्थेनियाचीं लक्षणें क्युरारी विषाच्या बाधेसारखीं आहेत, तर त्या विषावरचा उतारा येथेंही चालावा. त्यांनीं फायसोस्टिग्मिन टोंचलें आणि उतरलेली पापणी पाहतां पाहतां वर आली. यावरून बिघाड मज्जातंतु जेथें स्नायूला भेटतो त्या सांध्यांत आहे, एवढें ठरलें. पण तो सांधा कोण अडवितें?

१९५४ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटाच्या रॉबर्ट गुड यांना एक निराळाच रोगी भेटला. त्याला थायमसची गांठ होती, आणि त्याच्या रक्तांत जंतूंशीं लढणारीं प्रतिद्रव्यें जवळजवळ नव्हतीं. गांठ आणि प्रतिकारशक्ति यांचा कांहीं संबंध असावा अशा शंकेनें गुड यांच्या मंडळींनीं सशांच्या थायमस काढून पाहिल्या. कांहींच घडलें नाहीं. ससे कांहीं आठवड्यांचे होते, आणि तोंवर थायमसचें मुख्य काम उरकलेलें होतें! १९६१ सालीं जाक मिलर यांनीं नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली, तेव्हां त्या उंदरांत लसीकापेशींचा तुटवडा पडला आणि परक्या कातडीचें कलम त्यांच्या अंगावर निमूटपणें रुजलें. थायमस ही प्रतिकारपेशींची शाळा आहे, हें अशा रीतीनें कळलें. विकृतीनें प्रकृतीची वाट दाखविली, हें या विषयाच्या इतिहासांत एकदांच घडलेलें नाहीं.

त्या शाळेंत मुख्य शिक्षण असें कीं आपल्या शरीराच्या द्रव्यांवर हात उगारावयाचा नाहीं. शरीरांतील नाना द्रव्यांचे नमुने अस्तरपेशी कोवळ्या लसीकापेशींपुढें धरतात. त्यांवर चवताळून जाणाऱ्या पेशींना तेथेंच मरण येतें. शाळेंत शिरलेल्या शंभरांतील जेमतेम दोन-चार पेशी बाहेर पडतात, इतकी ती परीक्षा कडक असते. हे नमुने दाखविण्यास ‘एअर’ नांवाचें एक जनुक लागतें, आणि बहुतेक थायमोमांत तें निजलेलें असतें. गर्दी आहे, शाळेची इमारत आहे, पण परीक्षक नाहीं. ज्या पेशी मरावयाच्या त्या उत्तीर्ण होऊन शरीरभर हिंडूं लागतात.

त्या काय करतात हें एका अपघातानें उघड झालें. १९७३ सालीं कॅलिफोर्नियांतील सॉल्क संस्थेंत जिम पॅट्रिक व जॉन लिंडस्ट्रॉम यांनीं विजेचा धक्का देणाऱ्या वाम माशाच्या अंगांतून ॲसिटिलकोलीनचें ग्राहक द्रव्य काढलें. स्नायूवरील जो कुलपासारखा भाग मज्जातंतूचा निरोप स्वीकारतो, तो हा. त्याविरुद्ध प्रतिद्रव्यें मिळावींत, एवढ्याच हेतूनें त्यांनीं तें सशांना टोंचलें. थोड्या आठवड्यांनीं ससे लुळे पडले, त्यांच्या माना उचलेनात. आणि मायस्थेनियावरचें औषध देतांच ते सांवरून बसले. सशांच्या प्रतिद्रव्यांनीं सशांच्याच स्नायूंवरील कुलपें बुजविलीं होतीं. १९७६ सालीं तींच प्रतिद्रव्यें मायस्थेनियाच्या बहुसंख्य रोग्यांच्या रक्तांत आढळलीं. थायमोमा असलेल्या मायस्थेनियाच्या रोग्यांत तर तीं जवळजवळ प्रत्येकांत असतात. व्हायगर्ट यांना स्नायूंत दिसलेले पुंजके आतां या उजेडांत वाचावयाचे: तें कर्करोगाचें बीज नव्हतें, आपल्याच घरावर चालून आलेल्या लसीकापेशींच्या त्या टोळ्या होत्या.

इतकें कळल्यावर गांठ काढली कीं मायस्थेनिया जाईल, असें कोणासही वाटेल. नॅशव्हिलच्या त्या स्त्रीच्या हकीकतीनें तीच आशा निर्माण केली, आणि लंडनमध्यें सर जेफ्री केन्स यांनीं १९४२ सालापासून मायस्थेनियाच्या पुष्कळ रोग्यांची थायमस काढली. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचे हे धाकटे बंधु. त्यांना असें दिसून आलें कीं ज्यांच्या थायमसमध्यें गांठ नाहीं अशा रोग्यांना अधिक गुण येतो. गांठ असलेल्यांचा मायस्थेनिया मात्र हट्टी निघतो. गांठ नसलेल्यांच्या बाबतींत त्यांचें निरीक्षण २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर आंतरराष्ट्रीय चाचणीनें पक्कें केलें. गांठ असलेल्यांच्या बाबतींत शस्त्रक्रिया टाळतां येत नाहीं, कारण तेथें गांठच जीवावर उठलेली असते. पण पापण्यांचें दुखणें तिच्याबरोबर जाईलच, असें वचन कोणताही प्रामाणिक शस्त्रवैद्य देत नाहीं. गांठ निघते तेव्हां तिच्या शाळेंतून वाट चुकून बाहेर पडलेल्या पेशी शरीरांत हिंडतच असतात. कांहीं रोग्यांना तर शस्त्रक्रियेपूर्वीं अशक्तपणाचें एकही लक्षण नसतें, आणि गांठ काढून कांहीं महिने, कधीं वर्षें, लोटल्यावर पहिल्यानें एखाद्या संध्याकाळीं एका दिव्याचे दोन दिवे दिसतात.

यासाठीं छातींत अशी गांठ दिसली कीं, रोगी कितीही ठणठणीत असो, भूल देण्यापूर्वीं त्याच्या रक्तांतील तीं प्रतिद्रव्यें तपासतात. नाहींतर सुप्त मायस्थेनियाचा रोगी शस्त्रक्रियेनंतर आपल्या बळानें श्वास घेईनासा होतो. आणि प्रयोगशाळेच्या कागदावर ‘पहिली पायरी, वेष्टन अखंड’ असे शब्द आले तरी रोग्याला दरवर्षीं छातीच्या छायाचित्रासाठीं बोलावतात, कारण ही गांठ दहा वर्षें गप्प राहून, कधीं त्याहून अधिक काळानेंही, फुप्फुसावरणावर पुन्हा उगवलेली आढळली आहे.